बैजिक वक्र आणि सॉलिटॉन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सॉलिटॉन म्हणजे नेमके काय? साध्या लाटेहून तो वेगळा कसा?

ऑगस्ट १८३४ मध्ये जॉन स्कॉट रसेल हे स्कॉटिश अभियंते एडिंबरोजवळच्या युनियन कालव्यावर, घोड्यांच्या जोडीने ओढल्या जाणाऱ्या एका नावेचे निरीक्षण करत होते. नाव अचानक थांबली, पण तिने रेटलेले पाणी थांबले नाही. नाळेपाशी उसळून ते एका गुळगुळीत, एकट्या उंचवट्याच्या रूपात कालव्यातून पुढे निघाले. रसेल घोड्यावर बसून एक-दोन मैल त्याच्या मागे गेले. उंचवटा फूट-दीड फूट उंच होता, ताशी ८-९ मैल वेगाने जात होता आणि बराच काळ त्याचा आकार जवळजवळ बदलला नाही. साधी लाट पसरत पसरत विरते. ही विरत नव्हती.

उथळ पाण्यातल्या अशा लाटेचे समीकरण कोर्टेवेग आणि द व्रीस या डच गणितज्ञांनी १८९५ मध्ये मांडले. आज ते केडीव्ही समीकरण म्हणून ओळखले जाते. १९६५ मध्ये झाबुस्की आणि क्रुस्कल यांनी संगणकावर पाहिले की अशा दोन लाटा एकमेकींवर आदळल्यानंतरही आपापल्या उंचीनिशी आणि वेगानिशी बाहेर पडतात. फरक इतकाच की टक्कर झाली नसती तर त्या जिथे असत्या, तिथून थोड्या सरकलेल्या असतात. कणासारख्या या वागण्यामुळे त्यांनी ‘सॉलिटॉन’ हे नाव दिले.

पाण्याच्या लाटेत बैजिक वक्र येतो कुठून?

बैजिक वक्र म्हणजे बहुपदी समीकरणाने ठरणारा वक्र. हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो, आणि त्याचे उत्तर अपेक्षेपेक्षा सोपे आहे. लाटेची उंची उ, स्थान क्ष आणि काळ ट मानू. केडीव्ही समीकरण असे सांगते की उ चा काळासापेक्ष अवकलज, अधिक सहा गुणिले उ गुणिले उ चा स्थानासापेक्ष अवकलज, अधिक उ चा स्थानासापेक्ष तिसरा अवकलज, ही बेरीज शून्य असते. आता आकार न बदलता व या वेगाने जाणारी लाट शोधायची, म्हणजे उ हे केवळ (क्ष − वट) चे फलन आहे असे धरायचे. मग समीकरणाचे दोनदा समाकलन करता येते आणि हाती येते ते हे:

(उ′)² = −२उ³ + वउ² + अउ + ब

येथे अ आणि ब हे समाकलनाचे स्थिरांक आहेत. उ′ ला य म्हटले, की डावीकडे य चा वर्ग आणि उजवीकडे उ चे घन बहुपद उरते. हाच तो वक्र. अशा वक्राला विवृत्तीय वक्र म्हणतात, आणि उ व य यांना संमिश्र संख्या मानले तर त्याचा आकार मेदूवड्यासारखा, म्हणजे एका भोकाच्या पृष्ठभागासारखा होतो. भोकांच्या या संख्येला जीनस म्हणतात. लाट पुढे सरकते तेव्हा (उ, य) हा बिंदू त्या पृष्ठभागावर फेऱ्या मारतो, आणि एक फेरी पूर्ण झाली की एक तरंगलांबी पूर्ण होते. वक्र बाहेरून आणून चिकटवलेला नाही. दोन समाकलने झाली की तो समोर उभाच असतो. कोर्टेवेग आणि द व्रीस यांनाही ही नियतकालिक उत्तरे माहीत होती.

मग सॉलिटॉन या वक्रावर कुठे आहे?

तो गुळगुळीत वक्रावर नाहीच. वक्र बिघडतो तेव्हा सॉलिटॉन जन्माला येतो.

वरच्या घन बहुपदाची तीन वास्तव मुळे लहानाकडून मोठ्याकडे क्रमाने घ्या. वर्ग ऋण असू शकत नसल्यामुळे लाटेची उंची मधल्या आणि सर्वांत मोठ्या मुळाच्या दरम्यान हेलकावे खाते. आता वरची दोन मुळे एकमेकांजवळ आणली, तर हेलकाव्याला जागाच उरत नाही. लाट आधी बारीक साइन वक्रासारखी होते आणि शेवटी सपाट पाणी राहते. खालची दोन मुळे जवळ आणली तर मात्र वेगळाच प्रकार घडतो. दुहेरी मुळापर्यंत पोहोचायला बिंदूला अनंत वेळ लागतो, त्यामुळे तरंगलांबी वाढत वाढत अनंत होते आणि लाटांच्या रांगेतला एकच उंचवटा आपल्या नजरेत उरतो. अ आणि ब शून्य केले की उजवी बाजू उ²(व − २उ) होते. दुहेरी मूळ शून्यावर आहे आणि लाटेची कमाल उंची वेगाच्या निम्मी आहे. उंच लाट जलद का धावते, याचे उत्तर या एका ओळीत आहे.

भूमितीच्या भाषेत, दोन मुळे एकत्र आली की वक्र स्वतःलाच छेदतो आणि तिथे एक गाठ पडते. वड्याचा एक भाग आवळत आवळत बिंदूएवढा झाला, असे डोळ्यांपुढे आणावे. सॉलिटॉन हे नियतकालिक लाटांहून निराळ्या जातीचे उत्तर आहे असे पुष्कळदा शिकवले जाते; मला ती मांडणी दिशाभूल करणारी वाटते. ते एकाच कुटुंबाचे टोकाचे सदस्य आहे.

एकाहून अधिक भोकांचे वक्र कधी लागतात?

लाट एकाच आकाराची न राहता अनेक तरंगांची गुंतागुंतीची सरमिसळ असते तेव्हा. त्यासाठी दृष्टी थोडी बदलावी लागते. गार्डनर, ग्रीन, क्रुस्कल आणि मिउरा यांनी १९६७ मध्ये एक विलक्षण गोष्ट दाखवली: लाटेच्या उंचीला, चिन्ह उलटून, क्वांटम यांत्रिकीतल्या श्रोडिंगर समीकरणातले विभव (स्थितिज ऊर्जा) मानले, तर लाट केडीव्हीनुसार कितीही बदलली तरी त्या समीकरणाचा वर्णपट, म्हणजे शक्य असलेल्या ऊर्जांचा संच, बदलत नाही. पीटर लॅक्स यांनी १९६८ मध्ये या घटनेची बीजगणितीय चौकट स्पष्ट केली.

विभव नियतकालिक असेल तर वर्णपटात शक्य ऊर्जांचे पट्टे आणि त्यांच्यामध्ये फटी असतात. स्फटिकातल्या इलेक्ट्रॉनच्या ऊर्जेबाबत भौतिकीचे विद्यार्थी हेच शिकतात. सामान्यतः फटी अनंत असतात. पण काही विभवांसाठी त्या मोजक्याच, समजा ग इतक्याच, उरतात. मग पट्ट्यांची २ग + १ सांत टोके मिळतात, आणि ती टोके मुळे असलेल्या बहुपदाचे वर्गमूळ घेतले की ग भोकांचा वक्र तयार होतो. पट्टा आकसून बिंदू झाला की एक सॉलिटॉन मिळतो आणि फट बुजली की एक तरंग नाहीसा होतो. आधीच्या प्रश्नाच्या उत्तरात मुळांच्या जोड्यांविषयी जे म्हटले तेच येथे पुन्हा घडते, फक्त ग वेळा.

वर्णपट अचल असल्यामुळे वक्रही अचल असतो. काळानुसार हलतात ते त्या वक्रावरचे ग बिंदू, प्रत्येक फटीवर एक. त्यांची हालचाल थेट पाहिली तर किचकट असते. पण एकोणिसाव्या शतकात आबेल आणि याकोबी यांनी दिलेल्या रूपांतराने हे ग बिंदू एका ग-मितीय वलयपृष्ठात, म्हणजे वक्राच्या याकोबीयात, नेले की ती हालचाल सरळ रेषेत आणि एकसमान वेगाने होते. समीकरण ‘समाकलनीय’ आहे असे म्हणताना जे अभिप्रेत असते, ते मला येथे सर्वांत स्वच्छ दिसते.

वक्रावरून उत्तर लिहितात कसे?

थीटा फलनाने. वक्रावरच्या काही समाकलांवरून एक ग × ग मॅट्रिक्स मिळतो आणि त्यावरून रीमान यांचे थीटा फलन ठरते: पूर्णांकांच्या सर्व ग-पदी यादींवर घेतलेली घातांकी पदांची अनंत मालिका. इट्स आणि मात्वेयेव यांनी १९७५ मध्ये दाखवले की थीटाच्या लॉगरिदमचा क्ष-सापेक्ष दुसरा अवकलज घेऊन त्याला दोनने गुणले आणि एक स्थिरांक मिळवला की केडीव्हीचे उत्तर मिळते. थीटात घालायचे चल क्ष आणि ट यांचे रेषीय संयोग असतात; वर सांगितलेली सरळ रेषा ती हीच.

अनंत मालिकेतून सॉलिटॉनचे मोजक्या पदांचे सूत्र कसे उरते?

वक्रावर ग गाठी पडत जातात तसे त्या मॅट्रिक्सचे कर्ण घटक अनंताकडे जातात आणि मालिकेतील बहुतेक पदे शून्यवत होतात. चल योग्य प्रकारे सरकवून घेतले तर ज्या पदांत प्रत्येक पूर्णांक शून्य किंवा एक आहे तेवढीच टिकतात, म्हणजे एकूण २ चा ग वा घात इतकी. उरलेल्या सांत बेरजेला टाउ फलन म्हणतात. जपानी गणितज्ञ र्योगो हिरोता यांनी १९७१ मध्ये वक्रांचा आधार न घेता, थेट समीकरणावरून हीच बेरीज शोधली होती.

एक उदाहरण हाताने करून पाहण्यासारखे आहे. काळ शून्य असताना लाटेचा आकार ६ गुणिले हायपरबोलिक सेकंट क्ष चा वर्ग असा आहे, असे समजा. प म्हणजे ई चा (२क्ष − ८ट) वा घात आणि फ म्हणजे ई चा (४क्ष − ६४ट) वा घात असे घेतले तर

टाउ = १ + ३प + ३फ + पफ

दोन गाठी, चार पदे. ट शून्य असताना फ म्हणजे प चा वर्गच असतो, म्हणून टाउ = (१ + प)³ होते आणि एकच उंचवटा दिसतो. काळ पुढे गेला की तो फुटून दोन लाटा होतात: एकीची उंची ८ आणि वेग १६, दुसरीची उंची २ आणि वेग ४. टक्कर झाली नसती तर जिथे असत्या त्याच्या तुलनेत, पूर्ण टकरीअंती जलद लाट सुमारे ०.५५ ने पुढे आणि मंद लाट सुमारे १.१ ने मागे असते. या सरकण्याचे मूळ टाउच्या सहगुणकांत आहे: शेवटच्या पदाच्या सहगुणकाला मधल्या दोन पदांच्या सहगुणकांच्या गुणाकाराने भागले की १/९ येतो, आणि १/९ म्हणजे (२ − १)/(२ + १) चा वर्ग. गुळगुळीत वक्राच्या मॅट्रिक्समधील कर्णाबाहेरच्या घटकाचा हा उरलेला अवशेष आहे. कर्ण घटक अनंतात गेले, पण दोन भोकांचे परस्परांशी असलेले नाते सांगणारी संख्या शिल्लक राहिली, आणि पाण्यात ती टकरीच्या वेळचे सरकणे म्हणून दिसते.

थीटा फलने न शिकता हे समजून घेता येईल का?

येईल, आणि नवशिक्याने याच वाटेने जावे असे माझे मत आहे. गाठी पडलेला वक्र प्रत्यक्षात एक साधी रेषा असते, फक्त तिच्यावरील काही बिंदूंच्या जोड्या एकमेकींना चिकटवलेल्या असतात. वरच्या उदाहरणात रेषेवरील चल झ मानले, तर १ हा बिंदू −१ ला आणि २ हा बिंदू −२ ला चिकटवायचा. मग (झ² + मझ + न) गुणिले ई चा (झक्ष − ४झ³ट) वा घात, असे फलन घ्यायचे. म आणि न ही क्ष व ट यांची अज्ञात फलने आहेत. अट अशी की चिकटवलेल्या बिंदूंवर फलनाच्या किमती ठरलेल्या गुणोत्तरात असाव्यात. दोन जोड्यांच्या दोन अटी, दोन अज्ञाते, आणि समीकरणे रेषीय: शाळेत शिकवलेली निश्चयकांची रीत पुरते. तोच निश्चयक, एका किरकोळ घातांकी गुणकाचा फरक सोडला तर, टाउ असतो. लाटेची उंची म च्या क्ष-सापेक्ष अवकलजाची −२ पट असते. गुणोत्तरांची चिन्हे चुकली तर उत्तर कुठेतरी अनंत होते, एवढे मात्र सांभाळावे.

या फलनाला बेकर–अखिएझर फलन म्हणतात. गुळगुळीत वक्रावरही त्याचीच मोठी आवृत्ती वापरतात, आणि इगोर क्रिचेव्हर यांनी १९७६-७७ मध्ये सगळ्या सिद्धान्ताची उभारणी तिच्यावर केली.

गाठीऐवजी वक्राला टोचदार टोक आले तर?

म्हणजे घन बहुपदाची तिन्ही मुळे एकत्र आली तर. मग घातांकी पदेही जातात आणि क्ष चे परिमेय फलन उरते. वरचीच रीत वापरून हे अर्ध्या ओळीत मिळते. फलन (झ + म) गुणिले ई चा झक्ष वा घात घ्या आणि झ शून्य असताना त्याचा झ-सापेक्ष अवकलज शून्य असावा अशी अट घाला. अट १ + मक्ष = ० अशी होते, म्हणून म = −१/क्ष, आणि उ = −२/क्ष². क्ष शून्य असताना हे अनंत होते, त्यामुळे पाण्याची लाट म्हणून त्याचा उपयोग नाही. पण आयरो, मॅक्कीन आणि मोझर यांनी १९७७ मध्ये दाखवले की अशा परिमेय उत्तरांचे ध्रुवबिंदू (जिथे उत्तर अनंत होते ते बिंदू) रेषेवर परस्परांशी क्रिया करणाऱ्या कणांसारखे हलतात, आणि त्यांची संख्या १, ३, ६, १० अशा त्रिकोणी संख्यांपैकीच असते.

केडीव्हीला कोणताही वक्र चालतो का?

नाही. वक्रावर असे एक फलन असावे लागते ज्याला एकाच बिंदूवर दुसऱ्या कोटीचा ध्रुव आहे आणि अन्यत्र कुठेही ध्रुव नाही. त्यामुळे वर्गमूळ घेऊन मिळणारे, अतिविवृत्तीय म्हटले जाणारे वक्रच चालतात. उथळ पाण्याच्या लाटांच्याच आणखी एका, बूसिनेस्क समीकरणाला तिसऱ्या कोटीचा ध्रुव लागतो. ही अट पूर्णपणे काढून टाकली की कादोम्त्सेव्ह आणि पेत्विआश्विली यांनी १९७० मध्ये मांडलेले केपी समीकरण मिळते. त्यात लाटेला रुंदीही असते, म्हणजे स्थानाची दोन चले असतात. क्रिचेव्हर यांच्या रचनेनुसार कोणताही गुळगुळीत वक्र, त्यावरील एक बिंदू आणि सर्वसाधारण असे ग बिंदू दिले की केपीचे उत्तर तयार होते.

भूमितीला या व्यवहारातून काही परत मिळाले का?

भरपूर मिळाले, आणि त्यातली एक गोष्ट मला संपूर्ण विषयातील सर्वांत सुंदर वाटते. थीटा फलन लिहायला सममित ग × ग मॅट्रिक्स लागतो. अशा मॅट्रिक्सना ग(ग + १)/२ स्वतंत्र चले असतात, पण ग भोकांच्या वक्रांना, ग किमान दोन असताना, ३ग − ३ एवढीच. जीनस ३ पर्यंत अडचण येत नाही, कारण तिथे दोन्ही संख्या ६ आहेत. जीनस ४ ला त्या १० आणि ९ होतात, जीनस ५ ला १५ आणि १२. म्हणजे बहुतेक मॅट्रिक्स कोणत्याच वक्रातून येत नाहीत. मग वक्रातून येणारे ओळखायचे कसे? शॉटकी यांनी १८८८ मध्ये जीनस ४ साठी उत्तर दिले, पण सर्वसाधारण प्रश्न तसाच राहिला.

सेर्गेई नोव्हिकोव्ह यांनी असा तर्क मांडला की अविभाज्य (म्हणजे लहान मॅट्रिक्सच्या तुकड्यांत न मोडणारा) मॅट्रिक्स घेऊन त्याचे थीटा केपी समीकरणात घालून पाहा. ते समीकरणाचे उत्तर ठरले तर मॅट्रिक्स वक्राचा आहे, नाही तर नाही. ताकाहिरो शिओता यांनी १९८६ मध्ये हे सिद्ध केले. जवळपास शंभर वर्षे अडलेल्या भूमितीच्या प्रश्नाला उथळ पाण्याच्या लाटेच्या समीकरणाने उत्तर द्यावे, हे आधी कोणी सांगितले असते तर विश्वास बसला नसता. क्रिचेव्हर यांनी पुढे याहूनही काटेकोर निकष सिद्ध केला. तो २०१० मध्ये प्रसिद्ध झाला.

हा संबंध प्रथम कोणाला दिसला?

याचे सरळ उत्तर नाही. बर्चनॉल आणि चाँडी या इंग्रज गणितज्ञांनी १९२०च्या दशकात दाखवले की दोन अवकल कारक (अवकलजांपासून बनलेल्या क्रिया) परस्परांशी क्रमनिरपेक्ष असतील, म्हणजे कोणताही आधी लावला तरी फरक पडत नसेल, तर ते दोघे एका बैजिक समीकरणाने बांधलेले असतात. वरचे −२/क्ष² हे उत्तर घेतले तर दुसऱ्या आणि तिसऱ्या कोटीचे असे दोन कारक मिळतात की एकाचा घन दुसऱ्याच्या वर्गाइतका असतो. हे टोकदार वक्राचेच समीकरण आहे. बेकर (बेकर–अखिएझर फलनातले) यांनी १९२८ मध्ये त्या कामावर टिपण लिहिले. पुढे हे काम विस्मरणात गेले. १९७४-७५ मध्ये एकीकडे मॉस्को–लेनिनग्राडमध्ये नोव्हिकोव्ह, डुब्रोव्हिन, इट्स, मात्वेयेव आणि दुसरीकडे अमेरिकेत लॅक्स, मॅक्कीन व व्हॅन मोरबेके यांनी नियतकालिक प्रश्नातून वक्रांपर्यंतची वाट पुन्हा शोधली, तेव्हा अर्धी वाट पन्नास वर्षांपूर्वीच चालून झाली होती असे लक्षात आले.

प्रत्यक्ष पाण्यात यातले काही दिसते का?

दिसते. हॅमॅक, शेफनर आणि सेगुर यांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत टाकीतल्या उथळ पाण्यावर षटकोनी नक्षीच्या लाटा निर्माण केल्या, आणि त्या जीनस २ च्या केपी उत्तरांशी चांगल्या जुळल्या. गाठी पडलेल्या वक्रांची उत्तरे तर समुद्रकिनाऱ्यावरही सापडतात: अॅब्लोविट्झ आणि बाल्डविन यांनी २०१२ मध्ये मेक्सिको आणि कॅलिफोर्निया येथील सपाट किनाऱ्यांवरील लाटांची छायाचित्रे प्रसिद्ध केली, ज्यांत लाटांचे माथे फुलीसारखे किंवा फाटे फुटल्यासारखे मिळतात. फाटे फुटलेल्या अशा जाळ्यांचे वर्गीकरण कोदामा आणि लॉरेन विल्यम्स यांनी ज्यांचे उपनिश्चयक ऋण नसतात अशा मॅट्रिक्सच्या आधारे केले आहे.

प्रत्येक उत्तर कोणत्या ना कोणत्या वक्रातून येते का?

नाही. सर्वसाधारण नियतकालिक लाटेला अनंत फटी असतात. मॅक्कीन आणि ट्रुबोविट्झ यांनी १९७६ मध्ये अनंत जीनसच्या वक्रांचा सिद्धान्त त्यासाठीच रचला. मिकिओ साटो यांनी १९८१ मध्ये सगळ्या उत्तरांना सामावून घेणारे अनंतमितीय ग्रासमानीय अवकाश (ज्याचा प्रत्येक बिंदू म्हणजे एक उपअवकाश) दिले, ज्यात वक्रांतून येणारी उत्तरे हा एक भाग ठरतो. कोन्त्सेविच यांनी १९९२ मध्ये सिद्ध केलेल्या विटेन यांच्या, वक्रांच्या अवकाशांवरील छेदसंख्यांविषयीच्या तर्कात केडीव्हीचे जे टाउ येते, तेही या पानावरील अर्थाने एखाद्या वक्राचे थीटा नाही.

विषयात शिरण्यासाठी किती तयारी हवी?

निश्चयक, संमिश्र चलांचा पदवी पातळीवरील अभ्यासक्रम आणि हाताने आकडेमोड करण्याची चिकाटी एवढ्यावर चिकटवलेल्या बिंदूंची रीत पूर्ण करता येते. थीटा फलने त्यानंतर घ्यावीत. त्यांचा एक उत्तम परिचय मुंबईतच घडला: डेव्हिड ममफर्ड यांनी १९७८-७९ मध्ये कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत थीटा फलनांवर व्याख्याने दिली, आणि त्यातून निघालेल्या ग्रंथाच्या दुसऱ्या खंडात केडीव्हीची उत्तरे अतिविवृत्तीय वक्रांवरून सविस्तर काढलेली आहेत. तो खंड उघडण्यापूर्वी ३ आणि −३ ही तिसरी जोडी चिकटवून टाउची आठही पदे स्वतः लिहून पाहावीत. काळ शून्य असताना (१ + प)⁶ येईल आणि लाटेचा आकार १२ गुणिले हायपरबोलिक सेकंट वर्ग असा होईल, अशी गुणोत्तरे निवडता आली तर रीत हाताला बसली असे समजावे.